सुकाणूपुढे एक मोठा स्क्रीन की दोन छोटे?

हर्णैकर: आमची ट्रॉलर 45 फुटी, बॅटरी 24 व्होल्टची. पावसाळी मासेमारी बंदी 31 जुलैला संपते, त्याआधी जुना फिश फाइंडर (ध्वनिलहरींनी खोली आणि मासे दाखवणारं यंत्र) बदलायचाय. 12 इंची एकच घेऊन नकाशा, खोली, इंजिनचं तापमान सगळं त्यावर बघावं, की दोन 7 इंची? तांडेल (बोट चालवणारे) बाबाच आहेत, बारीक आकडे त्यांना दिसत नाहीत.

मिरकरवाडा: दोनच घ्या, पण 9 इंची. माझा एकुलता स्क्रीन रात्री 20 वाव (एक वाव म्हणजे 6 फूट) खोल पाण्यात बंद पडला, होकायंत्रावर बंदर गाठलं. ती रात्र विसरत नाही. आणि होकायंत्राला चिकटून बसवू नका, सुई ढळते.

देवगड: 10 ते 32 व्होल्ट छापलेलाच घ्या. फक्त 12 व्होल्टचा तुमच्या बॅटरीवर जळेल. 30-40 वावांपर्यंत फाइंडरच्या ध्वनिलहरींची 200 किलोहर्ट्झ वारंवारता पुरते, खोल जात असाल तर 50 किलोहर्ट्झ पण हवी. दुकानात सावलीत पाहून ठरवू नका, दुपारच्या उन्हात बाहेर आणून बघा.

हर्णैकर: इंजिनचं तापमान दोन्हीवर दिसेल ना?

देवगड: हो, सेन्सर एनएमईए 2000 (बोटीवरची उपकरणं एका केबलवर जोडायची पद्धत) चा असेल आणि दोन्ही स्क्रीन त्याच केबलवर असतील तर. केबलच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचे टर्मिनेटर (टोक बंद करणारे रोधक) लावा.

हर्णैकर: बाबांनाच घेऊन जातो दुकानात.