गेट करून घ्यायचंय: दर किलोवर ठरवू की चौरस फुटावर? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. कळंब्याकडं घराचं काम संपत आलंय. दोन पल्ल्यांचं एमएसचं (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) गेट हवंय, एकूण १० फूट रुंद आणि ५ फूट उंच. दोन्ही बाजूचे आरसीसी खांब तयार आहेत. उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेटरनं किलोवर दर सांगितला, तर गल्लीतल्या वेल्डरनं चौरस फुटावर, प्रायमरसकट. या दोघांची तुलना कशी करायची? कागदावर काय काय लिहून घ्यावं? पावसाळ्याआधी गेट उभं राहायला पाहिजे.

चौदा_गेज:
मालाची जाडी ठरल्याशिवाय दोन्ही दरांना अर्थ नाही. चौरस फुटावर ठरवलं की माल पातळ होत जातो, किलोवर ठरवलं की वजन फुगत जातं. म्हणून आधी माल ठरवा, मग दर विचारा.

तुमच्याच गेटचा हिशेब करू. प्रत्येक पल्ला ५ बाय ५ फूट, मध्ये एक आडवा पाइप. दोन्ही पल्ल्यांना मिळून साधारण १५.२ मीटर चौकोनी पाइप लागतो. ४० बाय ४० चा २ मिमी जाडीचा पाइप मीटरला सुमारे २.४ किलो भरतो, म्हणजे फ्रेम ३६ किलो. आत ४ इंचांवर १२ मिमीचे चौरस बार घेतले, तर पल्ल्याला १४ या हिशेबानं सगळे मिळून ४२.७ मीटर. मीटरला १.१३ किलो धरून ते ४८ किलो. एकूण ८४-८५ किलो.

आता तेच डिझाइन १.२ मिमीच्या पाइपात आणि १० मिमीच्या बारात करा. फ्रेम २२ किलो, बार ३३-३४ किलो, एकूण ५६ च्या आसपास. रंग मारल्यावर दोन्ही गेटं लांबून सारखीच दिसतात, पण लोखंडात जवळपास २९ किलोचा फरक. चौरस फुटाचा स्वस्त दर बहुतेक वेळा इथंच स्वस्त झालेला असतो.

कागदावर जाडी मिलिमीटरमध्येच लिहा. नुसतं ‘१६ गेज’ (गेज म्हणजे जाडीचा नंबर) लिहिलं की पुढं वाद होतो. पाइप कापला की व्हर्नियर लावून बघा, पण कापलेल्या कडेची बर (वर आलेली खरखरीत धार) घासून आणि पाइपाची शिवण (लांबीतला वेल्डचा जोड) सोडून. किलोवर काम दिलंत तर कमाल वजनही लिहून घ्या: बिजागऱ्या आणि कडीकोयंड्यासकट ९० किलो, त्यावर पैसे नाहीत.

वजनपावती:
वजन प्रायमरच्या आधी, तुमच्यासमोर, प्लॅटफॉर्म काट्यावर करा. ट्रकच्या वजनकाट्यावर आकडा पाच-दहा किलोच्या पटीत दिसतो, ८५ किलोच्या कामाला तो उपयोगाचा नाही.
पैसे तीन टप्प्यांत द्या: मालापुरता ॲडव्हान्स, फ्रेम बघितल्यावर दुसरा हप्ता, गेट बसून नीट झुलल्यावर बाकी.

धागाकर्ता:
हिशेब एकदम स्पष्ट झाला, आभारी आहे. फ्रेम बघायची म्हणजे नेमकं काय बघू? आणि काम घरी करून घेऊ की त्यांच्या दुकानात?

रॉड_अडीच:
बांधणी दुकानातच. घरी फक्त बसवणी.

घरी वेल्डिंग मशीन लावलं तर ३.१५ मिमीच्या वेल्डिंग रॉडला ११० अँपिअरच्या आसपास करंट लागतो. तेवढ्यासाठी इन्व्हर्टर मशीनसुद्धा मीटरवरून तीन-साडेतीन किलोवॅट ओढतं. १६ अँपिअरचा सॉकेट तापतो, एमसीबी पडत राहतो, मग वेल्डर करंट कमी करून काम उरकतो आणि वेल्ड नुसता वर बसतो, आत शिरत नाही. बसवणीची थोडी वेल्डिंग २.५ मिमीच्या रॉडनं ७०-८० अँपिअरवर होऊन जाते. अर्थिंगचा चिमटा कामाच्या तुकड्यालाच लागलाय का ते बघा. तो पल्ल्याला लावून खांबाकडच्या प्लेटवर वेल्डिंग केलं की करंट बिजागरीच्या बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होतं.

आता फ्रेम. आधी चारही कोपरे नुसते टॅक (छोटा ठिपका वेल्ड) करायला सांगा आणि दोन्ही कर्ण मोजा. ५ बाय ५ फुटाला कर्ण २१५५ मिमी यायला हवा; दोन कर्णांत ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर तिथंच सरळ करून घ्या. पूर्ण वेल्डिंग समोरासमोरचे कोपरे धरून आलटून पालटून करायचं. एकाच बाजूनं सलग मारत गेलं की फ्रेम ओढली जाते आणि पल्ला कायमचा पिळतो.

पातळ पाइपावर जाड रॉड चालवला की भोक पडतं. भोक दिसू नये म्हणून लांबी (पुट्टी) भरतात, वर प्रायमर. म्हणून प्रायमर लागायच्या आत जाऊन बघा. वेल्डवरची काळी कीट हातोडीनं झाडून, तारेचा ब्रश मारून दाखवायला सांगा. खाली बारीक बारीक भोकं दिसली तर बहुतेक रॉड ओले असतात. आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघड्या पाकिटातले रॉड पटकन ओल धरतात. तेवढा भाग ग्राइंडरनं काढून सुक्या रॉडनं परत मारायचा.

चौदा_गेज:
बिजागऱ्यांचं राहिलं. ४२ किलोचा ५ फुटी पल्ला, बिजागऱ्यांत ४ फूट अंतर धरलं तर वरच्या बिजागरीवर २६ किलोच्या आसपास आडवा ओढा कायम असतो. त्यावर पोरं लटकली की विचारायलाच नको. बिजागरीची प्लेट खांबाच्या काँक्रीटमध्येच धरली पाहिजे, प्लास्टरमध्ये किंवा विटेत नाही. पल्ल्याला तिरपा आधारही हवा. पट्टी वापरणार असाल तर वरच्या बिजागरीच्या कोपऱ्यापासून खालच्या मोकळ्या कोपऱ्याकडं, कारण पट्टी फक्त ताण घेते. उलटी लावली की ती वाकते आणि पल्ला जमिनीला घासतो.

पाइपांची सगळी तोंडं टोप्या लावून बंद करा आणि खालच्या आडव्या पाइपाला तळातून ६ मिमीचं भोक ठेवा. आत शिरलेलं पाणी तिथून निघून जातं, नाहीतर पाइप आतून कुजतो आणि वरचा रंग शाबूत दिसत राहतो. रेड ऑक्साइड प्रायमरचे दोन हात, गंज पूर्ण घासून मगच. बसवणीत जळालेल्या प्रायमरवर त्याच दिवशी परत हात मारा.

सळईपट्टी:
बसवणीच्या दिवशी फरशी, ग्रॅनाइट आणि काचा जुन्या चादरींनी झाका, चादरी ओल्या करून. ग्राइंडरच्या ठिणग्या फरशीत रुततात, पाऊस पडला की तिथं गंजाचे ठिपके उठतात आणि ते निघत नाहीत. पोरांना लांब ठेवा, वेल्डिंगकडं बघितलं तर डोळे लगेच नाही, काही तासांनी आग आग करतात.

आणि वेल्डर निवडताना मोबाइलमधले फोटो बघू नका. दोन-तीन पावसाळे झालेलं त्याचं गेट कुठं आहे ते विचारा, जाऊन खालच्या पाइपाचा तळ आणि बिजागरीजवळचा वेल्ड बघा.