रुळांवरील मृत्यूचा तपास आणि वाहतूक: घाई कोणाला?

वाटसरू:
रस्त्यावर संशयास्पद मृत्यू झाला तर पोलीस ती जागा तासन्‌तास बंद ठेवतात. रुळांवर मृतदेह आढळला की मात्र गाड्या लवकरात लवकर सोडण्याची धडपड सुरू होते. यात तपासाची हेळसांड होत नाही काय?

सिग्नल:
प्रत्येक मृत्यूला एकच माप लावता येत नाही. ब्रिटनमधील रेल्वेचे स्वतंत्र पोलीस दल अशा मृत्यूची आधी संशयास्पद, कारण अस्पष्ट असलेला किंवा संशयास्पद नसलेला अशी वर्गवारी करते. शेवटच्या दोन प्रकारांत ९० मिनिटांत मार्ग मोकळा करण्याचे उद्दिष्ट त्यांनी ठेवले होते. शिवाय दोन स्थानकांमध्ये अडकलेल्या गाडीतून कंटाळलेले प्रवासी खाली उतरू लागले, तर एका मृत्यूच्या तपासापायी दुसरा ओढवायचा.

पंचनामा:
वर्गवारी ठीक, पण ती करणारा माणूस जागेवर पोहोचलेला हवा. आपल्याकडे स्टेशन मास्तरांचा मेमो लोहमार्ग पोलिसांना मिळतो आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४) अकस्मात मृत्यूची चौकशी सुरू होते. खांब क्रमांक, मृतदेह रुळांच्या कोणत्या बाजूस पडला होता, चप्पल किती अंतरावर सापडली, खडीवर ओढल्याची खूण होती का, हे मृतदेह हलवण्यापूर्वी टिपले नाही तर पुन्हा हाती लागत नाही. आणि टिपायला फार वेळही लागत नाही. माझ्या मते खोळंबा होतो तो पोहोचण्यात.

या नोंदींवर पुढे कुटुंबाचे बरेच काही अवलंबून असते. रेल्वे अधिनियमाच्या कलम १२४अ प्रमाणे गाडीतून पडून मृत्यू झाल्यास ८ लाख रुपये भरपाई मिळते, आत्महत्या असल्यास मिळत नाही. तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे. तरीही ‘रूळ ओलांडताना’ (म्हणजे गाडीतून पडून नव्हे) हे दोन शब्द विचार न करता लिहिले गेले, तर ते खोडून काढण्यासाठी वारसांना दावा न्यायाधिकरणात खेटे घालावे लागतात.

वाटसरू:
हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. मग केवळ अप मार्ग रोखून डाउन चालू ठेवणे शक्य आहे का?

सिग्नल:
पुष्कळदा शक्य असते. मात्र शेजारच्या रुळांवर काही पुरावा नाही याची आधी खात्री करून घ्यावी, आणि पुढे माणसे काम करीत आहेत ही सूचना चालकाला मिळाल्यावरच सावध वेगाने गाडी सोडावी.