मदत हवी आहे: ब्रेन डेड पेशंट आणि आमच्याच स्टाफच्या शंका

नमस्कार मंडळी, मी आयसीयूत इन्चार्ज सिस्टर आहे. अवयवदानाबद्दल नातेवाइकांपेक्षा आमच्याच लोकांशी बोलणं कठीण जातंय.

कायदा सगळ्यांना तोंडपाठ आहे. १९९४चा कायदा, ब्रेन डेड (मेंदू कायमचा थांबलेला, म्हणजेच मृत) ठरवायला ४ डॉक्टरांचं पॅनल, किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासणी, प्रत्यारोपणाच्या टीममधलं कुणीही त्या पॅनलवर नाही. पण मॉनिटरवर ठोके दिसतात, हात गरम लागतो. सिस्टर अजूनही "काका, जरा कूस बदलते हं" म्हणतात. मग कुणीतरी हळूच विचारतं, "खरंच गेलेत ना?" अ‍ॅप्निया टेस्ट (व्हेंटिलेटर काढल्यावर पेशंट स्वतः श्वास घेतो का, ती तपासणी) समोर पाहिलेली असूनही! एकीला तर स्वतःचं डोनर कार्ड भरायचं नाही, आणि तिचं चुकतंय असं मला म्हणवत नाही.

शिवाय, मनाची तयारी नसलेल्या सिस्टरला अशा बेडची ड्यूटी द्यावी का? माझ्या मते सक्ती नको, पण रात्रपाळीला दुसरं माणूस आणायचं कुठून?

पुणे, मुंबई किंवा नागपूरच्या झेडटीसीसीबरोबर (अवयवांचं वाटप पाहणारी विभागीय समिती) काम करणारे कुणी को-ऑर्डिनेटर इथे आहेत का? स्टाफसमोर हा विषय कसा काढलात? मराठीतलं साहित्यही चालेल. फक्त नातेवाइकांसाठीची पत्रकं नकोत, ती ढीगभर पडली आहेत.