मुलीसाठी जरा वेगळं नाव सुचवा की

आत्याबाई: दादाला मुलगी झालीय, रविवारी बारसं, आणि कानात नाव सांगायचं काम माझं. वहिनीला गल्लीत चार जणींचं असलेलं नाव नको, आजी म्हणते हाक मारताना जीभ अडकायला नको. 'मृण्मयी' सुचवलं तर आजीनं दोन मिनिटांत 'मुरमुरी' केलं ओ! आता काय करू?

रंकाळाकाठ: पंचगंगेतल्या नद्या बघा, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती. तुळशी लई गोड वाटतंय. कुंभी ठेवू नका, शाळेत पोरं कुंभकर्ण करतील 😄

ऋताचीआई: अनुभवाचं सांगते, आमच्या लेकीचं नाव ऋता. इंग्रजीत कुणी आर-यू लिहितं, कुणी आर-आय, शाळेच्या दाखल्यावर ती चक्क 'रिटा' झाली आणि ते दुरुस्त करायला माझ्या चार खेपा. स्पेलिंग आधी कागदावर लिहून चार जणांना वाचायला द्या. शाल्मली बघा, म्हणजे काटेसावर, लालभडक फुलं येतात ते झाड, आणि घरात शालू म्हणता येतंय.

पेठेतला: तारा ठेवा की! ताराराणींच्या गावात राहून विचारताय व्हय? जुनं हाय पण दोन अक्षरी, आजी पण खूश.

ऋताचीआई: आणि रविवारपर्यंत नाही ठरलं तरी घाई नको, जन्मनोंद २१ दिवसांत करा, नाव नंतर वर्षभरात फुकट घालता येतं.

आत्याबाई: आजीला शाल्मली म्हणायला लावलं, पहिल्या झटक्यात जमलं! वहिनी अजून तुळशीवर अडलीय.