व्हॉयेजरचे टॉर्पेडो संपत कसे नाहीत?

निवांत_मिरजकर:
'स्टार ट्रेक: व्हॉयेजर' या अंतराळात भरकटलेल्या जहाजाच्या अमेरिकन मालिकेचे सातही सीझन लेकीबरोबर काल संपवले. पहिल्याच सीझनमध्ये बजावलं होतं की टॉर्पेडो ३८ आहेत, संपले की नवे मिळायचे नाहीत. लेकीने फ्रीजवर कागद चिकटवून रेघा मारायला घेतल्या. ३८ केव्हाच मागे पडले, कागदाची दुसरी बाजूही भरत आली. घर ७०,००० प्रकाशवर्षं लांब, पूर्ण वेगाने गेलं तरी ७५ वर्षं, आणि जहाज मात्र दर भागाला नुकतंच धुऊनपुसून आणल्यासारखं! अडकलेलं जहाज सात वर्षं अडकलेलं ठेवणं लेखकांना जमतच नाही का?

तिखटमीठ:
जमू दिलं नाही. १९९५ मध्ये यूपीएन ही अमेरिकन वाहिनी सुरूच या मालिकेने झाली. कुठलाही भाग मधूनच लावला तरी कळला पाहिजे, हा तेव्हाचा खाक्या. 'इयर ऑफ हेल' हा भाग आठवा. जहाजाची चाळण झाली, कप्तान जेनवेने ते शत्रूच्या कालनौकेवर नेऊन आदळलं, काळ मागे फिरला आणि ओरखडाही उरला नाही. लेखक रोनाल्ड मूर इथून लवकरच बाहेर पडला आणि पुढे त्याने नवी 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' ही अंतराळ मालिका केली. तिथे जिवंत माणसांचा आकडा फळ्यावर असतो. कुणी मेलं की पुसायचा, नवा लिहायचा.

माजी_दर्यावर्दी:
मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये २२ वर्षं काढली. सुटा भाग नसला की आम्ही काहीतरी जुगाड करायचोच, त्यामुळे टॉर्पेडोंचं मला एवढं वाटत नाही. बनवले असतील खाली बसून. मला पटलेला भाग 'हंटर्स'. घरची पत्रं येतात. जेनवेला कळतं, तिच्या होणाऱ्या नवऱ्याने, मार्कने, दुसरीशी लग्न केलं. तिचा उपकप्तान चकोटे, त्याला कळतं, त्याचे जुने माकी बंडखोर साथी जवळजवळ सगळे संपले. आमची पत्रं एजंट बंदरावर गठ्ठ्याने आणून द्यायचा. आजी गेल्याचं मला सांतोसला कळलं, तेव्हा दिवसकार्य होऊनही तीन आठवडे उलटले होते. रात्री बारा ते चार वॉच होती, ती केली.

तिखटमीठ:
पण सहाव्या सीझनमध्ये पृथ्वीशी नेमाने बोलणं सुरू होतं, तिथे हवाच गेली.

माजी_दर्यावर्दी:
अगदी! जहाजावर वायफाय आलं आणि मेसमधला पत्त्यांचा डाव मोडला, तसंच.

निवांत_मिरजकर:
'हंटर्स' मान्य. पण पुढच्या भागात सगळे पुन्हा नेहमीसारखे, असं म्हणालो तर लेकीने पाचव्या सीझनची बेलाना काढली, जहाजाची इंजिनिअर, तीही पूर्वीची माकी. माकींच्या त्याच बातमीपायी ती होलोडेकची (खोटी दुनिया उभी करणाऱ्या खोलीची) सुरक्षा बंद करून स्वतःला जखमा करून घेत असते. म्हणजे ती बातमी कुणीतरी मधल्या काळात जपून ठेवली होती. मग चकोटेच्या वाट्याला तसं काहीच का नाही? माकींच्या जहाजाचा कप्तान तर तो होता.