नवऱ्याचं इंदूर, अडीच-तीन दिवसांत: काय ठेवू, काय गाळू?

पुणेरी_सून
नवरा इंदूरचा, रामबागेतला. 1991 साली बारावी झाली, घर विकलं आणि सगळे पुण्याला आले. त्यानंतर जाणं नाही. डिसेंबरमध्ये शनिवारी सकाळी पोचून मंगळवारी सकाळच्या विमानाने परत, असा बेत आहे. त्याला न सांगता करायचं मनात आहे. सासूबाई बरोबर आहेत, वय 78, गुडघे दुखतात. राजवाडा आणि लालबाग (होळकरांचे जुने महाल), सराफा, जुनं घर, शाळा आणि जमलं तर मांडू-महेश्वर एवढी यादी झाली आहे. घराचा पत्ता फक्त एका जुन्या पाकिटावर आहे. आणखी एक: घरच्या पोह्यांना तो "इंदूरचे नव्हेत" म्हणतो, ते नेमकं कशामुळे?

जेलरोडकर
आधी मांडू आणि महेश्वर खोडा. दोन्हीकडे साधारण 90-95 किलोमीटर जायचं आणि तितकंच परत यायचं, म्हणजे एकेका ठिकाणाला अख्खा दिवस. शिवाय ती त्याची आठवण नाही, सहलीची जागा आहे.

राजवाडा आणि लालबाग सोमवारी बंद असतात. तुमच्या हाताशी शनिवार-रविवारच आहेत, आणि शाळा नेमकी रविवारी बंद. म्हणून शनिवारी राजवाडा, रविवारी सकाळी रामबाग, सोमवारी शाळा. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. 1984च्या आगीत बरंच जळलं, पुढे दुरुस्ती झाली. त्याच्या डोळ्यांसमोर आगीनंतरचा काळवंडलेला राजवाडा असणार, तेव्हा "हा तो नाही" म्हणाला तर वाद घालू नका. सासूबाईंना आत जिने चढायला लावू नका. समोरच्या बागेत बसून दर्शनी भाग पुरेसा दिसतो, आणि गोपाळ मंदिर तिथून हाकेच्या अंतरावर आहे. राजवाड्याच्या गल्ल्यांत स्वतःची गाडी आणायची नाही, अलीकडे उतरून ई-रिक्षा करायची.

रेल्वेने येणार असाल तर पुण्याची गाडी कल्याण, वसई, सुरत, बडोदा, रतलाम, उज्जैन असा वळसा घालून येते. मनमाड-इंदूर थेट मार्गाला 2024 साली मंजुरी मिळाली आहे, 309 किलोमीटरचा. तो होईतो रात्र गाडीतच. 78 वर्षांच्या बाईंना खालचा बर्थ आधीच बघून ठेवा. रस्त्याने सेंधव्याजवळ बिजासन घाट लागतो, तो शक्यतो उजेडात पार करा.

चिमणबागवाला
घराबद्दल. पाकिटावरचा पत्ता जपा, पण त्यातल्या वॉर्ड नंबरवर विसंबू नका, वॉर्ड मधल्या काळात बदलत आले आहेत. गल्ली, जवळचं देऊळ, पिठाची चक्की, दवाखाना या खुणा टिकतात. सासूबाईंकडून आधी घरी बसून कागदावर नकाशा काढून घ्या: दारातून बाहेर पडल्यावर उजवीकडे काय, कोपऱ्यावर काय, दूध कुठून यायचं. त्यांना नंबर आठवणार नाही, दूधवाला नक्की आठवेल. जुनी शिधापत्रिका, घरपट्टीची पावती किंवा शाळा सोडल्याचा दाखला सापडला तर त्यावरचा पत्ता पाकिटाशी ताडून बघा.

जायचं सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान. माणसं दारात असतात, दुकानं उघडत असतात. दुपारी गल्ली झोपलेली असते आणि दार वाजवलं की चिडते. घराशी थेट न जाता आधी गल्लीतल्या सगळ्यात जुन्या किराणावाल्याला किंवा शिंप्याला विचारा. घर राहिलंय की तिथे फ्लॅट झालेत, हे तो अर्ध्या मिनिटात सांगतो.

आता जिथे हमखास बिनसतं ते. जुने मालक दारात उभे राहिले की नव्या मालकाच्या मनात पहिली शंका हिश्शाची येते. त्यात फोनने फोटो काढत आलात तर दारच बंद. म्हणून पहिल्याच वाक्यात सांगा: व्यवहार कधीच पुरा झालाय, कागदपत्रांचं काही काम नाही, आई लग्न होऊन या घरात आली होती, अंगण बघायचंय. अर्धा किलो मिठाई हातात असू द्या. आत बोलावलं तरी पाच-दहा मिनिटं, माजघर-स्वयंपाकघर मागायचं नाही. फोटो विचारून, आणि शेवटी.

मन तयार ठेवा. बडा गणपती ते कृष्णपुरा या बाजूला रस्ता रुंद करताना कितीतरी घरांचे पुढचे भाग गेले. त्याच्या ओळखीची दुकानं त्यात असू शकतात.

आणि न सांगता नेणं मला पटत नाही. सांगितलंत तर तो महिनाभर आधी जुन्या मित्रांचे नंबर मिळवेल, फोटो शोधेल. ऐनवेळी कळलं तर रविवारी मित्र गावाबाहेर आणि तुम्ही गल्लीत.

खमंग_माळवा
सराफ्यासाठी सोमवारची रात्र ठेवा. शनिवार-रविवारी चालायलाही जागा नसते. सोन्या-चांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात, नऊ-साडेनऊला रंग चढतो. बसायला फारसं काही नसतं. सासूबाईंना नऊलाच न्या, तासाभरात परत. हॉटेलवर रात्रीचं जेवण करून गेलात तर सगळं फुकट.

क्रम महत्त्वाचा. आधी भुट्टे का कीस (किसलेल्या मक्याचा), मग गराडू, मग दहीवडा, त्यानंतर गरम जिलबी किंवा मावाबाटी (खव्याची मिठाई), आणि शिकंजी अगदी शेवटी. इथली शिकंजी म्हणजे लिंबू सरबत नव्हे. दाट दुधाची, सुक्या मेव्याची असते, ती आधी प्यायलात की पोट बंद. प्रत्येक गोष्टीची एकच प्लेट चौघांत. गराडू हा थंडीतला कंद, त्यामुळे डिसेंबर उत्तम. दोनदा तळून, वरून जिरावण (इथला वरून भुरभुरायचा मसाला) आणि लिंबू. गार झाला की चामट होतो, उभ्याउभ्याच संपवा. कच्चा घरी नेणार असाल तर सोलताना हाताला तेल लावा, नाहीतर खाज सुटते.

आता पोहे. इंदूरचे पोहे परततच नाहीत, वाफवतात, आणि कांदा फोडणीत पडत नाही. तुमची चूक बहुधा तीच. दोन वाट्या जाडे पोहे (पातळ घेतलेत की गोळा होतो) चाळणीत धुऊन दहा मिनिटं निथळत ठेवा. त्यांना अर्धा चमचा हळद, मीठ आणि दोन चमचे साखर हलक्या हाताने लावा. दीड मोठा चमचा तेलात मोहरी, एक चमचा बडीशेप, एक चमचा अख्खे धणे आणि हिरवी मिरची, ती फोडणी पोह्यांवर. मग उकळत्या पाण्यावर चाळणी ठेवून, झाकण घालून आठ-दहा मिनिटं वाफ. झाकणाचं पाणी पोह्यांवर ठिबकलं की ते चिकट होतात, झाकणाला फडकं बांधा. वाढताना कच्चा कांदा, कोथिंबीर, शेव, लिंबू आणि जिरावण. बडीशेप आणि जिरावण, या दोन वासांनीच तो ओळखतो. जिरावण इथूनच न्या, पण दोनशे ग्रॅमच्या वर नको, वास उडतो.

इथे असताना एका सकाळी उसळ-पोहे खायला घाला. जिलबी बरोबरच मागवायची, नंतर नाही.

पुणेरी_सून
मांडू-महेश्वर रद्द. त्याला आज सांगते. शाळेत सोमवारी किती वाजता जावं? आणि सासूबाई तेव्हा काय करतील?

जेलरोडकर
प्रार्थना आणि पहिला तास संपल्यावर. त्याआधी कार्यालयात कोणी मोकळं नसतं. आठवडाभर आधी फोन करून त्याचं नाव आणि बारावीचं वर्ष सांगून ठेवा, म्हणजे फाटकावर अडवणार नाहीत. जुनं हजेरीपुस्तक बघायची हौस असेल तर तेही फोनवरच बोला, कपाटाची किल्ली दरवेळी हजर नसते. वर्ग चालू असताना वर्गात शिरायचं नाही, मैदान आणि व्हरांडा पुरे.

सासूबाईंना तेवढा वेळ शीतलामाता बाजारात साड्यांच्या दुकानात बसवा. तिथे गादीवर बसवतात, गुडघ्यांना ते जमणार नाही. खुर्ची मागून घ्या, आत ठेवलेली असते.

चिमणबागवाला
आणि शाळेत त्याला एकटा जाऊ द्या. तुम्ही फाटकाबाहेर चहा घ्या. "काय भिया" म्हणत कोणी जुना शिपाई भेटला तर तासभर धरा.