मदत हवी आहे: मैदानाच्या गेटमधून व्हीलचेअर आत जात नाही

सातपुडा_७:
तातडीने सांगा कुणीतरी. मैदानाच्या गेटला लोखंडी पाइप ठोकलेत, खुर्ची अडकते. दोन अर्ज दिले. "रॅम्प बांधून दिलाय ना, आता अजून काय?" एवढंच उत्तर. दिवस थोडे राहिलेत. कोणाला भेटलं की काम होईल?

पांझराकाठ:
मैदान कोणाचं, नगरपालिकेचं की क्रीडा संकुलाचं? खुर्ची कोणाची? आणि दिवस कशाला थोडे राहिलेत?

रावेरची_ताई:
यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलं का? एसटीत ७५ टक्के सवलत मिळते. माझ्या दिरांचं मीच काढून दिलं, कागद कोणते ते सांगते.

निवृत्त_ओव्हरसियर:
रॅम्पची उंची आणि लांबी टेप लावून मोजा. एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी. पायऱ्यांशेजारी उरलेल्या जागेत सिमेंट ओतलं की तो रॅम्प होत नाही. नोकरीत असताना असे दोन मीही पास केले, त्याचं आज फार वाईट वाटतं.

सातपुडा_७:
ताई, कार्ड आहे. मैदान नगरपालिकेचं, जळगाव जिल्ह्यातलंच. गावाचं नाव नको, भाच्याला रोज तिथंच जायचंय. तो १७ वर्षांचा, कमरेखाली ताकद नाही, गोळाफेक करतो. निवड चाचणीला पाच आठवडे आहेत. मी आणि दाजी त्याला उचलून आत नेतो, पण आता दाजींची कंबर धरलीय.

केळीबाग:
गोळाफेक कशाला? पोहायला घाला. पाण्यात पायांचा भार नसतो. मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण आणलं.

पांझराकाठ:
पेटकरांबद्दल आदर आहेच. पण पोराला गोळा फेकायचाय. सचिन खिलारींनी पॅरिसला २०२४ मध्ये गोळाफेकीतच रौप्य मिळवलं.

चाकावरून_धुळे:
दादा, खिलारी उभं राहून फेकतात, त्यांचा गट एफ४६, म्हणजे हाताचं अपंगत्व असलेल्यांचा. बसून फेकणाऱ्याची खुर्ची जमिनीला पट्ट्यांनी आवळावी लागते, आसनही गादीसकट ७५ सेंटीमीटरपेक्षा उंच चालत नाही. सातपुडा दादा, भाचा रोजच्याच खुर्चीवरून फेकतो का? गोळा फेकायच्या वर्तुळाजवळ जमिनीत पट्टा अडकवायला कड्या आहेत?

सातपुडा_७:
रोजच्याच. एक जण मागून धरून ठेवतो. कड्यांचं आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

भुसावळकर:
पाइप काढायला सांगू नका. आमच्याकडचे काढले, तर आठवड्यात पोरांनी मोटारसायकली थेट ट्रॅकवर घातल्या. पहाटे चालणाऱ्या एका आजींना धडक बसली. बाजूला कुलपाचं छोटं गेट करा, किल्ली चौकीदाराकडे ठेवा.

चाकावरून_धुळे:
आजींचं ऐकून वाईट वाटलं. तरी कुलूप नको, हात जोडून सांगते. मी अशाच गेटबाहेर खूप सकाळी घालवल्यात. चौकीदार साडेआठला येतो. एप्रिलात त्या वेळेला खुर्चीचं चाक हाताने फिरवायची कडी चटका देते. आपल्याकडे साडेपाचला सुरू करून आठच्या आत घरी पोचलं तरच सराव होतो. बाकीचे सगळे हवं तेव्हा आत जातात, मीच का थांबायचं?

भुसावळकर:
मग गाड्या कशा अडवायच्या, तेही सांगा.

तापीवरचा:
आमना गावमा बी तेच शे भाऊ. पाइपमुळे दूधवाला सायकलसुद्धा बाहेर ठेवतो. ऊन तर औंदा मार्चपासूनच.

निवृत्त_ओव्हरसियर:
भुसावळकर, दोन्ही जमतं. सरळ वाट बंद करून आडवे कठडे घालायचे, एक उजवीकडून, दुसरा पुढे पाच फुटांवर डावीकडून. खुर्ची पाच फुटांत वळते. मोटारसायकल साडेसहा फुटांची, तिला तिथे सहज वळता येत नाही. मोकळी वाट कुठंही ९० सेंटीमीटरपेक्षा कमी नको.

पांझराकाठ:
अर्ज मुख्याधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३० खेळाबद्दलच आहे. कलम ४५ प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून ५ वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत केव्हाच संपली. दाद नाही मिळाली तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे.

केळीबाग:
कायद्यापेक्षा नगरसेवकाला घेऊन जा. पोहण्याचाही विचार करा.

सातपुडा_७:
आत्ता मोजून आलो. पाइपांमधली जागा २२ इंच, खुर्ची २५. तीन पायऱ्या मिळून उंची १८ इंच, रॅम्प ७ फूट.

निवृत्त_ओव्हरसियर:
१८ इंचांना १८ फूट हवेत. हेच आकडे अर्जात घाला. कठड्यांचा नकाशा मी रात्री हाताने काढून पाठवतो. गेटपासून वर्तुळापर्यंत जमीन कशी आहे? काळी माती असेल तर पावसाळ्यात चाक रुतेल.

सातपुडा_७:
काळीच आहे काका. उचलूनच नेत होतो ना, म्हणून कधी लक्षातच आलं नाही.